दोन सामोआ आणि १९१८ ची साथ

सन १९१८ च्या अखेरीस इन्फ्लुएंझाची जागतिक साथ दक्षिण पॅसिफिकमधील सामोआ द्वीपसमूहापर्यंत पोचली, तेव्हा त्या समूहावर दोन सरकारांचा अंमल होता. पश्चिमेकडील उपोलू आणि सवाइई ही मोठी बेटे न्यूझीलंडच्या लष्करी प्रशासनाखाली होती. पूर्वेकडील तुतुइला आणि मानुआची लहान बेटे अमेरिकेच्या नौदलाकडे होती. पश्चिमेची राजधानी अपिआ आणि पूर्वेचे बंदर पागो पागो यांत अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटरचे. दोन्हीकडील लोक एका वंशाचे, एका भाषेचे, परस्परांशी सोयरिकीने बांधलेले. पुढच्या दोन महिन्यांत पश्चिम सामोआतील सुमारे ३८ हजार लोकांपैकी अंदाजे साडेआठ हजार, म्हणजे शंभरांतील बावीस, मृत्युमुखी पडले. पूर्वेला या साथीने एकही माणूस दगावला नाही. पश्चिमेकडे जितके लोक मेले, तितकी पूर्वेकडील बेटांची एकूण लोकसंख्याही नव्हती.

महाराष्ट्रात ज्या साथीला ‘मानमोडी’ म्हणत, तीच ही साथ. १९१८ च्या जूनमध्ये ती मुंबईच्या गोदीतून हिंदुस्थानात शिरली आणि तिने येथे किती बळी घेतले याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. एवढ्या अफाट मृत्युसंख्येत शासनाची जबाबदारी नेमकी किती, हे वेगळे काढणे इतिहासकाराला अवघड जाते. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला, धान्य महागलेले, डॉक्टर युद्धावर गेलेले. कोणता मृत्यू कोणाच्या खाती मांडावा? सामोआत हा गुंता फारसा नाही. तेथे हवामान एक, आहार एक, घरांची बांधणीही एक, आणि भिन्न असलेली गोष्ट ठळकपणे एकच, ती म्हणजे राज्यकर्ते. साथींच्या इतिहासात हे लहानसे प्रकरण पुनःपुन्हा अभ्यासले जाते ते याच कारणाने.

सामोआची फाळणी सामोअन लोकांनी केलेली नव्हती. १८९९ च्या करारान्वये जर्मनी आणि अमेरिका यांनी ही बेटे वाटून घेतली. ब्रिटनने अन्यत्र मोबदला घेऊन हक्क सोडला. त्यापूर्वीची दहा-बारा वर्षे या तीन सत्तांच्या वकिलांनी आणि युद्धनौकांनी तेथे जो खेळ मांडला होता, त्याची हकीकत रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याने १८९२ मध्ये एका पुस्तकात लिहून ठेवली आहे. आयुष्याची अखेरची वर्षे त्याने अपिआजवळच्या वायलिमा येथे घालवली. त्याचे ते घर पुढे जर्मन गव्हर्नरचे आणि नंतर न्यूझीलंडच्या प्रशासकाचे निवासस्थान झाले. महायुद्ध सुरू होताच २९ ऑगस्ट १९१४ रोजी न्यूझीलंडच्या फौजा अपिआत उतरल्या. त्यांना प्रतिकार झाला नाही. ब्रिटनने ही कामगिरी न्यूझीलंडकडे सोपवली होती ती मुख्यतः अपिआ येथील जर्मनांचे शक्तिशाली बिनतारी केंद्र ताब्यात घेण्यासाठी. चार वर्षांनंतर त्या केंद्राचा उपयोग ज्या एका कामासाठी व्हायला हवा होता, त्यासाठी तो झाला नाही.

‘टालून’ हे मालवाहू आणि उतारू जहाज ३० ऑक्टोबर १९१८ रोजी ऑकलंडहून निघाले. ऑकलंडमध्ये त्या वेळी इन्फ्लुएंझा वेगाने फैलावत होता. परंतु न्यूझीलंडच्या कायद्यानुसार सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत इन्फ्लुएंझा नव्हता, आणि त्यामुळे जहाजाला आरोग्याचा निर्दोष दाखला मिळण्यात अडचण आली नाही. फिजीच्या सूव्हा बंदरात जहाज क्वारंटाइनमध्ये ठेवले गेले. ७ नोव्हेंबरला ते अपिआला आले, तेव्हा जहाजावर आजारी माणसे होती. कप्तानाने आजाराचे गांभीर्य सांगितले नाही, फिजीतील क्वारंटाइनचीही वाच्यता केली नाही. अपिआच्या बंदरावरील वैद्यकीय अधिकाऱ्याला वेलिंग्टनहून कोणतीही सूचना आलेली नव्हती. बिनतारी यंत्र होते, ते चालतही होते. फक्त इशारा द्यावा असे कोणाला वाटले नाही. उतारूंना किनाऱ्यावर उतरण्याची मोकळीक मिळाली आणि ते आपापल्या गावी गेले.

येथपर्यंतच्या घटनाक्रमाला निष्काळजीपणा म्हणता येईल, आणि तसा निष्काळजीपणा त्या वर्षी जगातील बहुतेक बंदरांत झाला. खरा प्रश्न पुढील दिवसांचा आहे. आठवडाभरात उपोलूवर साथ पसरली, मग सवाइईवर. लष्करी प्रशासक कर्नल रॉबर्ट लोगन याने गावागावांतील येणेजाणे थांबवले नाही. युद्धविरामाची वार्ता आली तो हाच आठवडा होता. सामोअन घर म्हणजे खांबांवर उभे केलेले, चहूबाजूंनी मोकळे छप्पर. ताप चढलेले लोक चटया सोडून त्या घरात एकत्र पडून राहत, काही जण अंगाची आग शमवण्यासाठी समुद्रात जाऊन बसत. शेतातून तारो कंद खणून आणणारे, चूल पेटवणारे कोणी उरले नाही, त्यामुळे तापातून वाचलेल्यांपैकी काही भुकेने गेले. प्रेते एकत्रित खड्ड्यांत पुरावी लागली. साथीचा घाला कर्त्या वयावर अधिक होता. अंदाज असे, की प्रौढ पुरुषांपैकी सुमारे तीस टक्के, स्त्रियांपैकी बावीस टक्के आणि मुलांपैकी दहा टक्के दगावले. सामोअन समाजात कुळाचा प्रमुख, ज्याला ‘मताई’ म्हणतात, तो जमिनीचा विश्वस्त, गावसभेतील आवाज आणि वंशावळीचा धारक असतो. ही विद्या मौखिक होती. मताई मोठ्या संख्येने गेले, आणि त्यांच्याबरोबर काय काय गेले याची मोजदाद कोणत्याही आयोगाला करता आलेली नाही.

पूर्वेला पागो पागो येथे गव्हर्नर होता कमांडर जॉन मार्टिन पॉयर. वॉशिंग्टनहून त्याला बेटे बंद करण्याचा हुकूम आलेला नव्हता. बिनतारी यंत्रावर येणाऱ्या बातम्यांतून जगात काय चालले आहे हे त्याने ताडले. नोव्हेंबरच्या आरंभी सॅन फ्रान्सिस्कोहून आलेल्या एका जहाजावर इन्फ्लुएंझाचे रुग्ण होते; त्यांना वेगळे ठेवण्यात आले. अपिआतील वृत्त कळताच पश्चिमेकडून येणाऱ्या प्रत्येक जहाजाला पाच दिवसांचे क्वारंटाइन सक्तीचे झाले. परंतु समुद्रावर केवळ जहाजे नसतात. दोन सामोआंमध्ये होड्यांची नित्य ये-जा होती. लग्ने, बारसे, मर्तिके, सगळ्यांसाठी माणसे इकडून तिकडे जात. नौदलाच्या तुटपुंज्या तुकडीला तुतुइलाची दंतुर किनारपट्टी राखणे अशक्य होते. पॉयरने ही गोष्ट गावप्रमुखांपुढे ठेवली आणि पहाऱ्याचे काम गावांनी अंगावर घेतले. आपापल्या खाडीवर गावकरी रात्रंदिवस जागले, पश्चिमेकडून येणारी होडी त्यांनी किनाऱ्याला लागू दिली नाही. त्या होड्यांत परके कोणी नसत. पहारेकरी आपल्याच नातलगांना परत पाठवीत होते. पुढे अंतर्गत प्रवासालाही परवाने लागू झाले आणि ही बंदी १९२० पर्यंत टिकली.

दोन्ही प्रशासकांचा या काळात परस्परांशी आलेला संबंध तर अधिकच बोलका आहे. पॉयरने अपिआतील अमेरिकन वकिलामार्फत मदतीची विचारणा केली. ती लोगनपर्यंत पोचली. तिचा लाभ पश्चिम सामोआला झाला नाही. पागो पागोला नौदलाचे डॉक्टर आणि परिचारक रिकामे होते, आणि एका दिवसाच्या जलप्रवासावर माणसे पाण्यावाचून मरत होती. उलट अपिआहून गेलेल्या टपालबोटीला पूर्वेला क्वारंटाइनची अट घालण्यात आली, तेव्हा लोगनने तो अपमान मानला आणि पागो पागोशी असलेला बिनतारी संपर्कच तोडून टाकला. न्यूझीलंडकडे त्याने डॉक्टर मागितले होते, पण न्यूझीलंड स्वतःच आकांतात होते. दोन महिन्यांत तेथे सुमारे नऊ हजार मेले आणि माओरींचा मृत्युदर गोऱ्यांच्या सातपटीहून अधिक राहिला. शेवटी ऑस्ट्रेलियाची ‘एन्काउंटर’ ही युद्धनौका वैद्यकीय पथक घेऊन डिसेंबरच्या आरंभी अपिआला आली. तोवर साथीने आपले काम बहुतांशी उरकले होते.

या हकीकतीवरून अमेरिकन राजवट शहाणी आणि ब्रिटिश साम्राज्याची राजवट मूढ, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो पुराव्यावर टिकत नाही. खुद्द अमेरिकेत या साथीने पावणेसात लाखांच्या घरात माणसे गेली. पॅसिफिकमधील ग्वाम बेटही अमेरिकन नौदलाच्याच ताब्यात होते. तेथे जहाजातून साथ उतरली आणि लोकसंख्येचा सुमारे विसावा हिस्सा तिने नेला. फ्रेंचांकडे पाहावे, तर न्यू कॅलेडोनियाने कडक सागरी क्वारंटाइन पाळून १९१८-१९ मध्ये साथ दूर ठेवली. त्याच फ्रेंच ध्वजाखालच्या ताहितीत दहापैकी एक माणूस, काही अंदाजांनी त्याहूनही अधिक, गमावला गेला. न्यू कॅलेडोनिया आणि अमेरिकन सामोआ येथे इन्फ्लुएंझा अखेर आला, पण पहिल्यात १९२१ मध्ये आणि दुसऱ्यात १९२० मध्ये; तोपर्यंत त्याची धार बोथट झाली होती. म्हणजे निर्णायक ठरला तो ध्वज नव्हे. बंदरावर बसलेल्या माणसाने जहाज अडवण्याचे धाडस केले की नाही, आणि किनाऱ्यावरील लोकांनी ते अडवणे आपले मानले की नाही, यावर सारे अवलंबून होते.

‘टालून’ने वाटेत फिजीला आणि सामोआनंतर टोंगालाही साथ पोचवली. टोंगात सुमारे आठ टक्के लोक मेले. फिजीत सुमारे नऊ हजार, म्हणजे लोकसंख्येच्या पाच टक्क्यांवर. भारतीय वाचकाला फिजीचा उल्लेख परका वाटू नये. १८७९ ते १९१६ या काळात करारबद्ध मजूर म्हणून सुमारे साठ हजार हिंदी स्त्रीपुरुष तेथे नेले गेले होते, आणि साथ आली तेव्हा उसाच्या मळ्यांवरील बराकींतून गिरमिटियांची वस्ती अजून होती. त्यांचे अखेरचे करार १ जानेवारी १९२० पासून रद्द झाले. विशेष असे, की जहाजाने आणलेला रोग काय करतो याचा धडा फिजीला १८७५ मध्येच मिळाला होता. सिडनीहून राजा थाकोंबाऊला परत आणणाऱ्या ब्रिटिश युद्धनौकेबरोबर गोवर आला आणि सुमारे चाळीस हजार फिजीयन त्यात दगावले. सूव्हाला ‘टालून’ला क्वारंटाइन घडले ते या जुन्या जखमेमुळे असावे. तरीही ते पुरेसे कडक नव्हते.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण निराळे आहे आणि काहीसे विनोदीही. ऑक्टोबर १९१८ मध्ये त्या देशाने समुद्र बंद केला. जहाजे सात दिवस अडवून ठेवली जात. न्यूझीलंडमध्ये प्रेतांच्या रांगा लागल्या असता ऑस्ट्रेलियात साथ नव्हती. नोव्हेंबरअखेर सर्व राज्यांनी एकत्र येऊन करार केला, की रोग कोठे आढळला तर त्या राज्याने तत्काळ जाहीर करावे आणि सीमांबाबतचे निर्णय संघ सरकारने घ्यावेत. जानेवारी १९१९ मध्ये व्हिक्टोरियात रुग्ण आढळले, पण व्हिक्टोरियाने ते लगेच मान्य केले नाही. शेजारच्या न्यू साउथ वेल्सने आधी जाहीर केले. करार तेथेच संपला. प्रत्येक राज्याने आपली सीमा स्वतः बंद केली, क्वीन्सलंडच्या हद्दीवर छावण्या उभ्या राहिल्या, पश्चिम ऑस्ट्रेलियाने तर खंडपार धावणारी आगगाडीच अडकवून ठेवली. एका देशाची राज्ये शत्रुराष्ट्रांसारखी वागू लागली. तरीही सुरुवातीचे ते तीन महिने वाया गेले नाहीत. ऑस्ट्रेलियातील बळी बारा ते पंधरा हजारांच्या दरम्यान मानले जातात आणि हा मृत्युदर त्या काळच्या जगातील सर्वांत कमी दरांपैकी एक आहे.

पॉयरचे श्रेय मान्य करताना एक-दोन गोष्टी नजरेआड करता येणार नाहीत. त्याची बेटे लहान होती, लोकसंख्या आठ हजारांच्या आसपास, जहाजांची वर्दळ बेताची. खोबऱ्याच्या व्यापारावर जगणाऱ्या, युरोपीय मळेवाल्यांनी भरलेल्या अपिआला बंदर बंद करणे अधिक महाग पडले असते. शिवाय पॉयरची सत्ताही लोकांनी निवडून दिलेली नव्हती. त्याचा शब्द हाच कायदा होता. येथे मराठी वाचकाला पुण्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये तेथेही सरकारने हातपाय हलवले होते, किंबहुना फारच हलवले होते. घरझडत्या झाल्या, माणसे सक्तीने हलवली गेली, सोजिरांचे बूट देवघरापर्यंत गेले. त्याची परिणती २२ जूनच्या रात्री रँडवर झाडलेल्या गोळीत झाली. पुण्यात विलगीकरण लोकांवर चालून आले होते. तुतुइलावर ते लोकांच्या हातून घडले. रोगाला अडवण्याची वैद्यकीय युक्ती दोन्हीकडे जवळपास एकच होती.

लोगनला हे कधी उमगल्याचे दिसत नाही. लंडन मिशनच्या पापाउटा येथील मुलींच्या शाळेत आजारी विद्यार्थिनींना अन्न हवे असता त्याने संतापून कठोर शब्द उच्चारल्याची साक्ष मुख्याध्यापिकेने दिली आहे. सामोअन लोक मुलांसारखे आहेत, नीट हाताळले तर दुःख विसरतील, अशा आशयाचे मत त्याने नोंदवले. जानेवारी १९१९ मध्ये तो न्यूझीलंडला गेला, तो परतला नाही. त्याच महिन्यात तोएओलेसुलुसुलु या नेत्याने सामोअन प्रतिनिधींच्या वतीने नव्या प्रशासकाला एक अर्ज दिला. आमची बेटे अमेरिकेकडे सोपवा, ते शक्य नसेल तर लंडनच्या वसाहत खात्याकडे द्या, पण न्यूझीलंड नको, असा त्याचा आशय होता. समजूत घालून तो अर्ज मागे घेववला गेला. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाने प्रशासनाचे दोष नोंदवले. पॉयरला अमेरिकेने ‘नेव्ही क्रॉस’ दिला.

अर्ज मागे घेतला गेला, पण त्यामागची भावना मागे घेता येण्याजोगी नव्हती. अपिआतील मोठा व्यापारी ओलाफ फ्रेडरिक नेल्सन याने या साथीत आई, बहीण, भाऊ, भावजय आणि एकुलता एक मुलगा गमावला होता. १९२० नंतरच्या दशकात न्यूझीलंडच्या राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या ‘माउ’ या अहिंसक चळवळीचा तो एक प्रमुख आधार झाला आणि त्यापायी त्याला हद्दपारी भोगावी लागली. २८ डिसेंबर १९२९ रोजी अपिआत निघालेल्या माउच्या शांत मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. चळवळीचा नेता तुपुआ तामासेसे लेआलोफी तिसरा त्यात मारला गेला. सामोआत तो दिवस ‘काळा शनिवार’ म्हणून ओळखला जातो. माउची कारणे अनेक होती, करांपासून मताईंच्या पदव्या हिरावण्यापर्यंत. परंतु ज्या पिढीने १९१८ चे खड्डे खणले होते, तीच पिढी १९२९ च्या मिरवणुकीत चालत होती. पश्चिम सामोआ १ जानेवारी १९६२ रोजी स्वतंत्र झाला. स्वातंत्र्याला चाळीस वर्षे झाली तेव्हा, जून २००२ मध्ये, न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी अपिआत येऊन ‘टालून’ आणि काळा शनिवार या दोहोंबद्दल अधिकृत माफी मागितली.

पूर्व सामोआत मात्र वेगळाच इतिहास घडला. १९२५ मध्ये मार्गारेट मीड ही तरुण मानववंशशास्त्रज्ञ तेथे आली. मानुआतील ताऊ बेटावरील मुलींच्या आयुष्यावर तिने लिहिलेले पुस्तक १९२८ मध्ये गाजले आणि त्यावरचे वाद अजून शमलेले नाहीत. ज्या मुलींशी ती बोलली, त्या १९१८ मध्ये लहान होत्या. त्यांचे आईबाप, आजे आणि गावसभेतील वडीलधारे जागच्या जागी होते. पश्चिमेकडील त्यांच्या वयाच्या मुलींना हे म्हणता आले नसते.

नोव्हेंबर २०१९ मध्ये स्वतंत्र सामोआ पुन्हा एका साथीत सापडला. या वेळी गोवर, आणि तो बहुधा पुन्हा न्यूझीलंडहूनच आलेला. आदल्या वर्षी लस चुकीच्या द्रवात कालवली गेल्याने दोन तान्ही मुले दगावली होती, त्यामुळे लसीकरण काही महिने थांबले आणि लोकांचा विश्वास उडाला. लस मिळालेल्या अर्भकांचे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास घसरले होते. दोन लाख वस्तीच्या देशात ५,७०० हून अधिक लोकांना गोवर झाला आणि ८३ जण गेले, त्यांत बहुतेक लहान मुले. अमेरिकन सामोआत लसीकरण भरपूर झालेले होते. तेथे थोडे रुग्ण आढळले, मृत्यू झाला नाही. डिसेंबरमध्ये सामोआच्या सरकारने दोन दिवस सारी कचेरी बंद ठेवली आणि कर्मचारी लस घेऊन घरोघर निघाले. ज्या घरात लस न टोचलेले माणूस असेल, त्याने दारापुढे लाल कापड लावावे, असा आदेश होता. कित्येक गावांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ती तांबडी फडकी दिसत होती.

तीन महिन्यांनी कोविडची साथ आली तेव्हा दोन्ही सामोआंनी वेळ दवडला नाही. मार्च २०२० मध्ये दोघांनीही आपली दारे जगाला आणि एकमेकांना बंद केली. २०२२ च्या पहिल्या तिमाहीपर्यंत दोन्हीकडे हा रोग वस्तीत शिरला नाही, आणि शिरला तोवर बहुतेकांना लस मिळालेली होती. मधल्या काळात अमेरिकन सामोआचे शेकडो रहिवासी हवाईत आणि अमेरिकेच्या मुख्य भूमीवर अडकून पडले होते. त्यांना घरी नेणारे पहिले विमान २०२१ च्या आरंभी पागो पागोला उतरले.